कॅम्पर ओढणारी पिकअप: पाटे वाढवायचे, हवेचे फुगे बसवायचे की आधी शॉकॲब्सॉर्बर?

पिकअपच्या मागे कॅम्पर, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं छोटं घर, जोडला आणि गाडी मागून बसली की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो. लातूरला कमानपाट्याच्या, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, दुकानात मलाही तोच मिळाला. "मालक, दोन पाटे वाढवून देतो, मग बघा कुठं दबती गाडी!" मिस्त्रींनी शब्द पाळला, गाडी दबायची थांबली. पण पुढच्या आठवड्यात कॅम्पर घरी ठेवून आईला अंबाजोगाईला नेलं, तर मोकळी गाडी प्रत्येक खड्ड्यात मागून उसळत होती. मागच्या सीटवर बसलेल्या आईची पाठ दोन दिवस धरली होती. वर्षातले तीस-चाळीस दिवस कॅम्पर ओढायचा आणि उरलेले दिवस गाडी मोकळी चालवायची, असा ज्यांचा वापर आहे त्यांनी घाईने पाटे वाढवू नयेत, असं माझं ठाम मत झालंय ते तेव्हापासून.

खर्च करण्याआधी गाडीचं दुखणं नेमकं काय ते बघा. मागून दबणं वेगळं, उंचसखल रस्त्यावर डोलत राहणं वेगळं आणि स्टिअरिंग हलकं पडणं वेगळं. तिन्हींवर एकच औषध चालत नाही.

मराठवाड्यात एक सोय चांगली आहे: जिनिंग आणि साखर कारखान्यांमुळे वजनकाटा जवळपास कुठेही सापडतो. नेहमीचं सामान भरून एकटी पिकअप काट्यावर घ्या. मग कॅम्पर जोडा आणि त्याची चाकं काट्याबाहेर ठेवून पिकअपचं वजन पुन्हा करा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हुकावरचा भार. तो भरलेल्या कॅम्परच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा. दहाच्या खाली गेला तर कॅम्पर वेगात शेपटासारखा हलायला लागतो. म्हणून गाडी दबते या भीतीने सगळं सामान कॅम्परच्या मागच्या टोकाला नेऊ नका.

आता हिशेब बघा. हुक मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो, त्यामुळे तिथला भार तरफेसारखा काम करतो. समजा, हुकावर 120 किलो भार आहे, दोन ॲक्सलमध्ये 3 मीटर अंतर आहे आणि हुक मागच्या ॲक्सलपासून 1.2 मीटर मागे आहे. मागच्या चाकांवर 168 किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून 48 किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं पडतं, पुढच्या ब्रेकची पकड कमी होते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांवर जातो, ते यामुळेच.

पाटे वाढवणं सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ. व्ही-क्रॉस, हायलक्स, बोलेरो कॅम्पर या सगळ्या पिकअपना मागे पाटेच आहेत आणि ते जमवणारा कारागीर तालुक्याच्या गावीही मिळतो. हौद्यात कायम वजन असेल, म्हणजे टूल बॉक्स, पाण्याची टाकी, हौद्यावर कॅनोपी म्हणजे टप, तर हाच पर्याय घ्या. उणीव एवढीच की वाढवलेला पाटा भार असो-नसो, सतत कडकच राहतो.

त्याऐवजी हेल्पर पाटा बसवता येतो. मोकळ्या गाडीत तो बाजूला राहतो आणि गाडी ठराविक दबली की मगच टेकून भार घेतो. कायम कडकपणा नको आणि हवा भरण्याची झंझटही नको, अशांसाठी मला हा सगळ्यात समंजस तोडगा वाटतो.

हवेचे फुगे ॲक्सल आणि चासीच्या मध्ये बसतात. कॅम्पर जोडला की हवा भरायची, सोडला की कमी करायची. भाराप्रमाणे कडकपणा हवा तसा कमी-जास्त करता येतो, म्हणून त्याचं आकर्षण मोठं आहे. पण काळजी हवी. फुगा कधीच पूर्ण रिकामा ठेवायचा नाही, कंपनीने सांगितलेली किमान हवा ठेवावीच लागते, नाहीतर रबर चिमटून फाटतं. दोन्ही बाजूंना हवेच्या नळ्या वेगळ्या घ्या. एकाच नळीने जोडलं तर वळणावर हवा दाबलेल्या बाजूकडून दुसरीकडे पळते आणि गाडी आणखी कलते. शेतातल्या चाकोरीत एखादं चाक खूप खाली लोंबकळलं तरी फुगा ताणला जातो. आणि मुख्य गोष्ट: फुगे गाडीची मागची बाजू वर उचलतात, पण पुढच्या चाकांवरून गेलेले ते 48 किलो परत आणत नाहीत. पाटेही आणत नाहीत. गाडी सरळ दिसते, म्हणून माणूस निर्धास्त होतो.

ते वजन खरोखर पुढे ढकलणारी वस्तू म्हणजे भार वाटणारा हिच, म्हणजे गाडी आणि कॅम्पर जोडणारा खास सांधा. त्याच्या दोन स्प्रिंगच्या पट्ट्या हुकाला वर रेटतात. आपल्या भागातल्या दुकानांत मी तो अजून पाहिलेला नाही. मी सोपा मार्ग धरला: गॅस सिलिंडर आणि बॅटरी हौद्याच्या फाळक्याजवळून उचलून केबिनला चिकटवून ठेवली. मागच्या ॲक्सलच्या पुढे आलेलं प्रत्येक किलो पुढच्या चाकांना थोडं परत मिळतं.

शॉकॲब्सॉर्बरचं काम स्प्रिंगची उसळी आवरणं, तो भार उचलत नाही. दबलेली गाडी नवीन शॉकॲब्सॉर्बरने वर येईल, ही समजूत काढून टाका. पण आपल्या रस्त्यांवर मला सगळ्यात जास्त फरक त्यानेच जाणवला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावरच्या डांबराला लांब लाटा येतात. खड्डा दिसतो, लाट दिसत नाही. साठच्या वेगात पिकअप एका लाटेवरून उतरते तेव्हा कॅम्पर दुसरीवर चढत असतो आणि दोघं एकमेकांना झोके देत राहतात. हा झोका पाट्याने थांबत नाही. उलट कडक पाटा दाबल्यावर जास्त जोराने परत उसळतो आणि जुना शॉकॲब्सॉर्बर त्याला आवरू शकत नाही. म्हणून पाटे वाढवले की जड कामाचे, गॅस भरलेले शॉकॲब्सॉर्बर घ्याच, आणि चारही एकदम बदला.

गाडी उंच करणारी किट कॅम्परवाल्यांनी टाळावी. हुक वर जातो, कॅम्परचं नाक वर होतं आणि तो अस्थिर होतो. कॅम्पर सपाट किंवा नाकाकडे किंचित झुकलेला हवा.

यातलं काहीही बसवलं तरी आरसीवरचं एकूण वजन वाढत नाही. ॲक्सल, ब्रेक, टायर तेच राहतात आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 113 त्या मर्यादेपलीकडे गाडी चालवू देत नाही. काट्यावर आकडा जास्त आला तर सामान उतरवा.

माझ्या मेव्हण्यांनी यंदा छोटा कॅम्पर घेतला. पैठण, औंढा, माहूर असा त्यांचा फिरण्याचा बेत आहे आणि एरवी गाडी रोज शहरात चालते. त्यांना मी आधी शॉकॲब्सॉर्बर बदलायला सांगितलं आणि त्याच गाडीने भरल्या कॅम्परसह एक फेरी मारायला लावली. डोलणं गेलं, थोडं दबणं उरलं. आता हेल्पर पाटा बसवतोय. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवीनच घ्यायचे, जुने परत आवळायचे नाहीत, आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा ताण तपासायचा, हे त्यांच्या मिस्त्रींना मी स्वतः जाऊन सांगणार आहे.