ट्रेड मॅप: तांबट आळीतल्या भांड्यांसाठी वापरून बघितलं

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम केलेली, म्हणजे हातोडीने ठोकून घडवलेली तांब्याची भांडी बनवून घेऊन विकायचा आमचा छोटा धंदा आहे, तांबे, पातेली, कळशा वगैरे. बाहेर पाठवायचं म्हटलं की जो तो दुबई नाहीतर अमेरिका सांगतो कारण ओळखीचं कुणीतरी तिथं असतं, पण माल खरंच कुठं खपतो हे आपल्याला कोण सांगणार? त्यासाठी ट्रेड मॅप ही कुठला देश काय माल आयात-निर्यात करतो ते दाखवणारी साइट वापरायला लागलो आणि छोट्या धंदेवाल्यांनी हे वापरायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

साइट जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरची, १९६४ पासूनची संस्था आहे, आता युनो आणि डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) मिळून चालवतात. आपल्याकडच्या लोकांना फ्री, फक्त रजिस्टर करायचं. साधारण २२० देश-प्रदेशांचा डेटा आहे. आयात-निर्यातीत प्रत्येक मालाला एक नंबर असतो, तांब्याच्या घरगुती भांड्यांचा कोड ७४१८१०, तो टाकला की कुठला देश किती डॉलरचा माल घेतो, कुणाकडून घेतो, सगळं समोर येतं.

आता खरी गंमत युनिट व्हॅल्यूमध्ये आहे, म्हणजे टनाला काय भाव पडतो ते. बहुतेक लोक नुसता सगळ्यात मोठा आकडा बघतात आणि तिकडे धावतात, पण मोठा आकडा म्हणजे स्वस्तातला मशीनचा मालही असू शकतो, आणि आपल्या हातोडीच्या कामाला तिथं भाव मिळणार नाही. जिथं टनाचा भाव जास्त तिथं भारी माल जातोय असा अंदाज बांधता येतो. अंदाजच बरं का, कारण या कोडमध्ये भांडी आणि तांब्याच्या घासण्या एकत्रच मोजतात, पूर्वी वेगळ्या होत्या, २०१२ च्या बदलात एक झाल्या. हे माहीत नसेल तर भाव वाचताना फसाल.

तिकडे आयात ड्युटी किती लागते ते बघायला त्यांचीच मार्केट अ‍ॅक्सेस मॅप साइट बघा. यूएईशी आपला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे, ऑस्ट्रेलियाशी २९ डिसेंबर २०२२ पासून, पण ड्युटीत सवलत हवी तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल भारतातलाच असल्याचा दाखला, काढावं लागतं.

गिऱ्हाईक मात्र ट्रेड मॅप मिळवून देत नाही. त्यासाठी सरकारचं ट्रेड कनेक्ट पोर्टल आहे, सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालं, परदेशातल्या आपल्या वकिलातीही त्याला जोडल्यात. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी नंबर, पाहिजे, ५०० रुपये फी, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करायला विसरू नका, नाहीतर बंद पडतो. कोडवरच गाडी अडली तर सेनापती बापट रोडला मराठा चेंबर या उद्योजक-व्यापाऱ्यांच्या संस्थेत जाऊन विचारा.

ट्रेड मॅप इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिशमध्येच आहे. म्हणून मी भावाचा तक्ता मराठीत लिहून आळीतल्या काकांना दाखवतो, हातोडी त्यांची चालते तर बाहेरचा भाव त्यांना कळलाच पाहिजे, मजुरी ठरवताना तो तक्ता मध्ये ठेवूनच आम्ही बोलतो. तुम्हीही कुणाकडून माल करून घेत असाल तर हे आकडे त्यांच्यापासून लपवू नका.