'एस. एफ.' दिसलं की गुन्झबर्ग समजू नका: 38,150 रुपये गेले

गुन्झबर्गच्या टांकसाळीचा अस्सल, अठराव्या शतकातला म्हणून घेतलेल्या थालरचे (युरोपातलं जुनं चांदीचं नाणं) 36,500, 'प्रमाणपत्रा'चे 1,200, कुरियरचे 450. एकूण 38,150 रुपये. हातात पडलं व्हिएन्नाच्या टांकसाळीचं अलीकडचं रिस्ट्राइक, म्हणजे जुनाच छाप आणि जुनंच साल ठेवून नव्याने पाडलेलं नाणं. चांदी ग्रॅमला शंभर रुपये धरली, तर त्यात 2,339 रुपयांची.

ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिच्या थालरवरच्या 1780 या सालावरून वय कळत नाही, हे मला माहीत होतं. राणी त्याच वर्षी नोव्हेंबरात गेली, पण अरबस्तान आणि इथिओपियाच्या बाजारात हाच थालर चालायचा, म्हणून साल गोठवून तो पाडतच राहिले. व्हिएन्ना, प्राग, मिलान, व्हेनिस. पुढे रोम, लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स. 1940-41 मध्ये तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीनेही पाडला. एवढं ठाऊक असून फसलो, कारण विकणाऱ्यालाही ते ठाऊक होतं.

तो म्हणाला, "साल सोडा साहेब, अक्षरं बघा." राणीच्या मुखवट्याखाली एस. एफ.: श्योब्ल आणि फाबी, गुन्झबर्गच्या टांकसाळीचे अधिकारी. मागच्या ढालीत बुर्गाऊचं चिन्ह, म्हणजे गुन्झबर्गचाच मुलूख. शब्द न् शब्द खरा! फक्त हे सगळं पुढच्या टांकसाळींनीही जसंच्या तसं उचललं, हे त्याने गिळलं. सालापुढच्या फुलीचंही तेच. ती बर्गंडी या मुलखाची खूण आहे, टांकसाळीची नाही.

चुकलो कुठे, तर काठाशी. काठाचा व्हिडिओ मागितला; त्याने पुन्हा दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले. परत मागितला, परत तेच. तिथेच फोन ठेवायला हवा होता. पण "दुसरं गिऱ्हाईक थांबलंय" ऐकलं आणि पैसे पाठवले. घाई झाली, कबूल. पण तीन वर्षं या नाण्याच्या मागावर असलेला कोणीही तेच करता.

वजनकाट्यावर फार विसंबू नका. 28.07 ग्रॅम आणि 833 ची चांदी (हजारात 833 भाग शुद्ध) अस्सलची तीच, रिस्ट्राइकची तीच. दोऱ्याने पाण्यात लटकवलं तर वजन साधारण 2.75 ग्रॅमने घटायला हवं. त्याने पितळ-निकेलची नक्कल पकडता येते, टांकसाळ नाही. टांकसाळ कळते ती दहापट भिंगाखाली: खांद्यावरच्या ब्रोचमधले मोती, गरुडाच्या शेपटीतल्या पिसांची ठेवण, अक्षरांची जाडी, काठावरच्या 'युस्टिटिया एट क्लेमेंटिया'मधली नक्षी. मोती मोजून कॅटलॉगशी ताडा, नुसतं "जुनं वाटतं" म्हणू नका. अठराव्या शतकातलं नाणं तंतोतंत गोल नसतं, आणि वजन बरोबर करताना कानशीने घासल्याचे ओरखडे बऱ्याचदा दिसतात. माझ्याकडचं बांगडीसारखं गोल.

काळेपणाही बनावट. वापरलेल्या नाण्यात खाचा काळ्या आणि उंचवटे उजळ हवेत. इथे राणीचं नाक, गाल, केस, सगळं एकसारखं काळं. आणि केसांच्या बटेखाली टूथपिक फिरवली तर खालून कोरी चकाकी. गंधकाने एका दुपारचं काम. प्रमाणपत्र म्हणजे लॅमिनेट केलेलं कार्ड, त्यावर सही कोणाची ते वाचता येत नाही. 'गुन्झबर्ग, ऑस्ट्रिया' असंही लिहिलंय. गाव आज जर्मनीत, बव्हेरियात आहे. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्याचंच होतं म्हणून मी तेही सोडून दिलं.

आता तक्रार. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "नाणं चांदीचं आहे ना? मग फसवणूक कसली?" टांकसाळ म्हणजे काय हे समजावण्यात पाऊण तास गेला. मग सायबरकडे जा. सायबरवाले म्हणतात, माल मिळालाय, म्हणजे हा व्यवहारातला वाद, ग्राहक आयोगाकडे जा. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. ज्या ॲपवर जाहिरात होती त्यांची परतीची मुदत सात दिवस, माझा आठवा. कोणाच्याच टेबलावर भिंग नाही. पुन्हा ठाण्यात गेलो तेव्हा काठाच्या फोटोंच्या प्रिंट मागितल्या. काळ्यापांढऱ्या झेरॉक्समध्ये थालर डांबराच्या ठिपक्यासारखा दिसतो. तीच फाइलला लागली आहे.

चॅट पुसू नका, पाकीट फेकू नका, उघडतानाचा व्हिडिओ काढा. काठ दाखवल्याशिवाय एक रुपया पाठवू नका.

त्याच विक्रेत्याने परवा आणखी एक 'गुन्झबर्ग' लावला आहे, 41,000 ला. फोटो दोन. काठाचा नाही.