पहाटे साडेपाचची लीग : ओव्हरवॉच लीगचे सहा हंगाम

ओव्हरवॉच या व्हिडिओ गेमच्या व्यावसायिक संघांची ओव्हरवॉच लीग २०२३ मध्ये बंद झाली. तरीही तिच्याविषयी आज सविस्तर लिहावेसे वाटते, कारण तिचे बरेच जुने सामने यूट्यूबवर शोधले तर सापडतात, आणि व्हिडिओ गेमचा सामना टीव्हीच्या पडद्यावर परक्या माणसालाही समजेल असा कसा दाखवावा, याचा इतका गंभीर प्रयत्न मी दुसरीकडे पाहिलेला नाही. पहिले दोन हंगाम मी जवळजवळ पूर्ण पाहिले, पुढचे चार तुकड्यातुकड्यांनी. हा अभिप्राय त्या पाहण्यावर आधारलेला आहे.

पहिला सामना १० जानेवारी २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील बरबँक येथे झाला. तिथले चार वाजले की पुण्यात दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच होत, त्यामुळे त्या हिवाळ्यात चहाचे आधण ठेवायचे आणि घरातले उठायच्या आत लॅपटॉपवर ट्विच हे थेट प्रक्षेपणाचे संकेतस्थळ लावायचे, असा माझा क्रम ठरून गेला. बारा संघ होते, प्रत्येक संघाच्या वाट्याला साखळीतले चाळीस सामने होते, आणि ते सगळे बरबँकच्या त्या एकाच स्टुडिओत खेळले जात. सलामीला लॉस एंजेलिस व्हॅलियंटने सॅन फ्रान्सिस्को शॉकला ४–० असे हरवले. पुढे दोन वेळा विजेता होणारा संघ म्हणजे हा हरलेला शॉकच, असे त्या पहाटे कोणी म्हटले असते तर मला पटले नसते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तेव्हा सहा जणांचा एक संघ असे. समोर राहून मार झेलणारे टँक, मारा करणारे डॅमेज आणि बाकीच्यांना जिवंत ठेवणारे सपोर्ट अशा तीन जातींची पात्रे घेऊन दोन संघ एखादी जागा ताब्यात घेण्यासाठी किंवा एखादी गाडी पुढे ढकलत नेण्यासाठी झुंजतात. टीव्हीची अडचण इथेच सुरू होते. क्रिकेटमध्ये नजर चेंडूवर असते. कबड्डीत तीस सेकंदांची चढाई करणारा एकच गडी असतो आणि २०१४ पासून प्रो कबड्डीच्या कॅमेऱ्यांनी त्याच्या पायाचे बोटही सोडलेले नाही. इथे मात्र बारा जण एकाच वेळी बारा दिशांनी काहीतरी करत असतात, प्रत्येकाचे जग त्याच्या स्वतःच्या डोळ्यांतून दिसते, आणि सगळ्यांची नजर बांधून ठेवणारा चेंडू कुठेच नसतो.

लीगने यावर काढलेला उपाय साधा, पण अतिशय विचारपूर्वक केलेला होता. प्रत्येक पात्राला संघाच्या रंगाचा पोशाख दिला गेला; एक यजमान संघाचा आणि एक पाहुण्या संघाचा फिकट, जवळजवळ पांढरा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बंदुकीतून सुटणारा मारा, ढाली आणि स्फोट यांनाही संघाचा रंग मिळाला. त्यामुळे समोर चाललेल्या गोंधळात कोण कोणावर तुटून पडले आहे, हे नावे वाचण्याआधीच डोळ्यांना कळू लागले. वरून दिसणारा नकाशा होता आणि निर्णायक क्षण पुन्हा दाखवण्याची सोयही होती, पण खरे काम केले ते रंगांनी.

याचा पुरावा मला पहिल्या अंतिम फेरीत मिळाला. लंडन स्पिटफायर आणि फिलाडेल्फिया फ्यूजन यांच्यातली ही लढत जुलै २०१८ मध्ये ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये झाली आणि अमेरिकेत तिचा पहिला दिवस ईएसपीएनने संध्याकाळच्या मुख्य वेळेत दाखवला. आमच्याकडे पावसाने धरलेले होते आणि सामना रंगात आलेला असताना घरचे इंटरनेट गेले. उरलेला खेळ मी मोबाईलच्या डेटावर, पाच इंची पडद्यावर, चित्र वरचेवर धूसर होत असताना पाहिला. पात्रांचे चेहरे ओळखू येत नव्हते, पण कोणत्या बाजूचे किती जण उरले आहेत आणि आता माघार घ्यायला हवी की नको, हे बरोबर कळत होते. लंडनने दोन दिवसांत ३–१ आणि ३–० असे दोन्ही सामने जिंकले.

समालोचनाबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. डोआ आणि मॉन्टेक्रिस्टो ही जोडी उत्तम होती. एक जण घडणारे सांगे आणि दुसरा ते का घडले हे उलगडे. पण लढाई पेटली की सगळेच समालोचक इतक्या वेगाने बोलत की नवख्या माणसाच्या हाती फक्त पात्रांची नावे लागत. खेळाडूंचा परिचय करून देण्यातही हे प्रक्षेपण पहिल्या वर्षी कमी पडले, आणि त्यातले बरेच खेळाडू कोरियन असल्यामुळे ही उणीव जास्तच जाणवली.

तरीही काही खेळाडू ओळखीशिवायच लक्षात राहिले. न्यूयॉर्क एक्सेलसियरचा ज्योनाक हा त्यांतला पहिला. तो झेन्याटा नावाचे पात्र खेळे. मांडी घालून हवेत तरंगणारा हा यंत्रसाधू, त्याच्या गळ्याभोवती जपमाळेतल्या मण्यांसारखे गोळे फिरत असतात आणि त्याचे काम साथीदारांना बरे करण्याचे. त्याला वेगाने पळता येत नाही, म्हणून बाकीचे सपोर्ट त्याला मागे जपून ठेवत. ज्योनाक तेच गोळे शत्रूच्या डोक्यावर इतक्या अचूक मारे की समोरच्या संघाला मारेकऱ्यांपेक्षा या वैद्याचीच धास्ती असे. पहिल्या हंगामाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला. एखादा सामना फक्त एका माणसासाठी पाहायचा असेल तर न्यूयॉर्कचा २०१८ चा कोणताही सामना निवडावा.

आता शहरांविषयी. लीगची सगळी मांडणी शहराभिमानावर उभी होती. एका संघाच्या हक्कासाठी सुरुवातीला दोन कोटी डॉलर मोजावे लागल्याच्या बातम्या होत्या. आपल्याला ही कल्पना आयपीएलमुळे परकी नाही. पण लंडनचा संघ म्हणजे सगळे कोरियन खेळाडू, मालकी अमेरिकन संस्थेची आणि खेळणार कॅलिफोर्नियात. परप्रांतातले खेळाडू असण्याला माझा मुळीच आक्षेप नाही. वानखेडेवर आपण किती परदेशी खेळाडूंना आपले म्हटले आहे. मात्र ते वानखेडेवर येऊन खेळतात. त्याच २०१८ साली कावेरीच्या वादामुळे चेन्नईच्या संघाचे घरचे सामने पुण्याजवळ गहुंजेला हलवले, तेव्हा चाहत्यांनी भरलेली खास रेल्वेगाडी चेन्नईहून पुण्याला आली होती. अशी गाडी भरायला आधी कित्येक वर्षांचे घरचे मैदान लागते. लीगने शहराची नावे आधी विकली आणि मैदाने पुढच्या काळावर टाकली, ही माझ्या मते तिची सर्वांत मोठी चूक होती.

ती सुधारण्याची वेळ आली तेव्हा नशिबाने साथ दिली नाही. २०१९ मध्ये संघ वीस झाले, डॅलस, अटलांटा आणि लॉस एंजेलिसमध्ये घरचे सामने भरवून पाहिले गेले, आणि २०२० च्या फेब्रुवारीत संघ खरोखरच आपापल्या शहरांत खेळू लागले. महिनाभरात महासाथीने सगळे थांबले आणि खेळाडू आपापल्या खोल्यांतून खेळू लागले. त्याच वर्षी प्रक्षेपण ट्विचवरून यूट्यूबवर गेले. २०२१ मध्ये आशियातील संघांशी गाठ घालण्यासाठी अमेरिकेतील संघांना हवाईला नेले, कारण तिथून इंटरनेटचा विलंब सोसण्याइतका कमी होता. ही खटपट कौतुकास्पद होती, पण प्रेक्षकांनी भरलेल्या सभागृहाचा आवाज गेला आणि त्याबरोबर माझे पहाटे उठणेही.

दुसरी तक्रार खेळाच्या नियमांची आहे. २०१९ च्या पूर्वार्धात तीन टँक आणि तीन सपोर्ट घेऊन एकमेकांना ढकलण्याची गोट्स नावाची पद्धत इतकी फोफावली की नेम धरून मारणारे कसबी खेळाडू बाकावर बसले. जाणकारांना त्यातले बारकावे आवडत, नवख्याला मात्र एक घोळका दुसऱ्या घोळक्यावर आदळताना दिसे. अखेर प्रत्येक जातीचे दोनच खेळाडू घेण्याचे बंधन आले. २०२२ मध्ये ओव्हरवॉच २ आला आणि संघ सहावरून पाच जणांचा झाला. एवढ्या बदलांत प्रेक्षकाने कमावलेली जाण दर वर्षी थोडी वाया जात होती.

असे असूनही या सहा वर्षांत एक गोष्ट अशी घडली की तिच्यासाठी मी ही लीग कोणालाही पाहायला सांगेन. शांघाय ड्रॅगन्स पहिल्या हंगामात चाळीसपैकी चाळीस सामने हरला. त्या संघात गेगुरी होती, लीगमधली पहिली स्त्री खेळाडू. तिचा नेम इतका अचूक की २०१६ मध्ये तिच्यावर फसवणुकीचा आरोप झाला होता आणि तिने कॅमेऱ्यासमोर, हात दिसतील असे खेळून तो खोटा ठरवला होता. दुसऱ्या हंगामात आणखी दोन पराभव झाले. मग फेब्रुवारी २०१९ मध्ये, बेचाळीस पराभवांनंतर, शांघायने बॉस्टनला हरवले, आणि सभागृहातले लोक जणू अजिंक्यपदच मिळाले असे उभे राहिले. त्याच जुलैमध्ये या संघाने गोट्सच्या घोळक्याला चपळ माऱ्याने उत्तर देत त्या हंगामाच्या तिसऱ्या टप्प्याचा अंतिम सामना शॉककडून ४–३ असा हिसकावला, आणि २०२१ मध्ये अटलांटा रेनला ४–० ने नमवून अजिंक्यपद घेतले.

पाहायला सुरुवात करायची असेल तर २०१८ चे ज्योनाकचे दोन-तीन सामने, मग शांघायचा बॉस्टनवरचा विजय आणि त्यानंतर तिसऱ्या टप्प्याचा तो अंतिम सामना, या क्रमाने पाहावे. २०२० चे साखळी सामने सोडून दिले तरी चालेल. आवाज मोठा ठेवावा, आणि पहिले दोन मॅप, म्हणजे सामन्यातले वेगवेगळ्या नकाशांवरचे डाव, समालोचनाकडे लक्ष न देता फक्त रंगांकडे बघत राहावे.