जुनी फ्रेंच सायकल रिपेअरला देताय? पार्ट बदलायच्या नावाखाली काय काय होतं ते वाचा

सायकल सत्तरच्या दशकातली प्यूजो पीएक्स-१०. रेनॉल्ड्स ५३१ स्टीलच्या नळ्या, स्ट्राँगलाइट ९३ क्रँक (पेडलचे दांडे), सिम्प्लेक्सचा मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा पार्ट). तक्रार एकच होती, मागच्या छोट्या दातेरी चकत्यांवर जोर लावला की चेन उडी मारायची. चेन मोजली तर १२ इंचाला १/१६ इंचाच्या वर ताणलेली. म्हणजे चेन बदलायला झालेली, आणि त्याच चेनने बरीच वर्षं फिरवल्यामुळे छोटे दातेही खाल्ले गेलेले. काम बघायला गेलं तर एवढंच, चेन आणि फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा).

मी सायकल एका रिपेअरवाल्याकडे ठेवली, नाव लिहीत नाही. "व्हिंटेजचा स्पेशालिस्ट" अशी ख्याती, बोलायला एकदम गोड. नंतर त्याचा फोन आला, साहेब सगळी ड्राइव्हट्रेन (पेडलपासून मागच्या गिअरपर्यंतचं सगळं) गेलीये, क्रँकला तडा आहे, बीबीचे (क्रँकचा आस ज्यात फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटचे) आटे मेलेत, फ्रेंच माल आता जगात कुठे मिळत नाही, मी त्याच काळातले जपानी पार्ट बसवून देतो, सायकल नव्यासारखी पळेल. आणि पार्ट आधीच काढून झालेले, म्हणजे "नको" म्हणायला जागाच ठेवली नाही.

सायकल हातात आली तेव्हा दिसायला चकाचक. पहिली शंका आली ती मागच्या डिरेलरमुळे. हा म्हणाला होता "सत्तरच्या दशकातला आहे", आणि पाठीमागच्या बाजूला बारीक दोन रोमन अक्षरं ठोकलेली, के आणि सी. शिमानो या जपानी कंपनीच्या त्या काळच्या मालावर हीच तारीख असते. पहिलं अक्षर वर्षाचं, ए म्हणजे १९७६, बी १९७७, तसं मोजत गेलं की के येतं १९८६ ला. दुसरं अक्षर महिन्याचं, सी म्हणजे मार्च. म्हणजे हा "सत्तरच्या दशकातला" डिरेलर जन्मलाच मार्च १९८६ ला! इटालियन कॅम्पाग्नोलोच्या नुओवो रेकॉर्ड डिरेलरवर पण पेटंटच्या सालाचा शिक्का असतो, त्यावरून साधारण काळ कळतो. कोणी जुना पीस म्हणून काही गळ्यात मारत असेल तर आधी उलटा करून बघा, समोरचा माणूस फेकत असला तरी लोखंडावरचा शिक्का बदलत नाही.

बरं, डिरेलर नंतरचा निघाला एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण सिम्प्लेक्सच्या हँगरला (फ्रेमचा डिरेलर अडकवायचा कान) आटेच नसतात, साधं भोक असतं आणि डिरेलर अडवायचा टेकूही वेगळा. तिथे शिमानोचा बसवायचा म्हणजे भोकात १० मिमीचा टॅप मारून आटे पाडायचे आणि कानस घेऊन हँगर घासायचा. ह्याने दोन्ही केलं, मला एका शब्दाने न विचारता. फ्रेमवर कानस चालवली की ते परत येत नाही हो!

मग दुसऱ्या एका अनुभवी माणसाकडून बीबी उघडून घेतला. तिथे खरा प्रकार कळला. फ्रेंच बीबी ३५ मिमी बाय १ मिमीचा (व्यास आणि दोन आट्यांतलं अंतर), आणि दोन्ही बाजूंचे आटे सरळ. इंग्लिश बीबी १.३७० इंच बाय २४ (इंचाला २४ आटे), म्हणजे जेमतेम ३४.८ मिमी, आणि चेनच्या बाजूचा कप (फ्रेममध्ये फिरवून बसवायचा बीबीचा भाग) उलट्या आट्यांचा. फरक डोळ्याला दिसत नाही, डाव्या बाजूचा कप हाताने एखादा फेरा फिरतोही, म्हणून लोक फसतात. ह्याने उलट्या आट्यांचा कप सरळ आट्यांत दामटून बसवला होता, तो धड आतही गेला नव्हता, तिरका अडकलेला. त्यामुळे क्रँक डुलायचा आणि जोर लावला की कर्रकर्र आवाज. आणि गंमत बघा, माझे जुने आटे "मेलेले" म्हणून सांगितलेले, पण कप जिथपर्यंत पोचलाच नव्हता तिथले आटे अगदी धारदार होते. म्हणजे मेले ते ह्याच्याच हातून.

क्रँकच्या तड्याचंही तसंच, तडा मला कधी दाखवलाच नाही. स्ट्राँगलाइटचा क्रँक काढायला २३.३५ मिमीचा पुलर लागतो, नेहमीचा २२ मिमीचा त्यात सैल पडतो, धरतच नाही. म्हणजे ज्याने काढला त्याच्याकडे बरोबर हत्यार होतं, आणि त्याला आपण काय काढतोय हेही पक्कं माहीत होतं. ज्याच्याकडे २३.३५ चा पुलर आहे त्याला फ्रेंच बीबीचे आटे माहीत नाहीत हे मला कोणी पटवून दाखवावं. आणि क्रँक ठेवून घ्यायला कारणही आहे, १२२ मिमी बीसीडीचा (पुढची दातेरी चकती जिथे बसते त्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास), चांगल्या अवस्थेतला स्ट्राँगलाइट शोधणारे लोक भरपूर आहेत.

शिवाय एक पार्ट चुकीचा बसवला की पुढचा आपोआप विकला जातो. नवा क्रँक ९/१६ इंच पेडलचा, माझे लिओतार पेडल फ्रेंच १४ मिमीचे, मग ते त्यात सैल बसणार, मग "पेडलही गेलेत" म्हणून तेही बिलात! फ्रीव्हील तसंच, फ्रेंच हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) आटे ३४.७ मिमी बाय १, त्यावर इंग्लिश फ्रीव्हील सहज चढतं पण पकड नसते, चढावर उभं राहून पेडल मारलं की हबचे आटेच ओरबाडून निघू शकतात. हे ओळखायला व्हर्नियरपेक्षा पिच गेज (आट्यांतलं अंतर बघायची दातेरी पट्टी) बरं, एवढा ०.१ मिमीचा फरक झिजलेल्या हबवर व्हर्नियर नीट सांगत नाही, पण १ मिमीचं गेज दात्यात दात बसतं की नाही ते लगेच दिसतं.

मी जुने पार्ट परत मागितले तर "भंगारात गेले" म्हणाला, थोड्या वेळाने "शोधतो", मग फोन उचलणं बंद. सायकल देताना क्रँकच्या मागच्या बाजूचे, डिरेलरचे, हबचे, सगळ्या शिक्क्यांचे फोटो काढून ठेवा आणि बिलावर "काढलेले सर्व पार्ट परत द्यायचे" हे लिहून घ्या. नुसतं हे वाक्य लिहा म्हटल्यावरच काही लोकांचा चेहरा बदलतो. "मिळत नाही" म्हणाला तर नक्की कुठल्या मापाचं मिळत नाही ते विचारा. फ्रेंच मापाचे बीबी आणि फ्रीव्हील शोधले तर मिळतात, बीबी तर नवेसुद्धा.

शेलचं (बीबी बसतो त्या फ्रेमच्या नळीचं) आता असं ठरलंय की आटे मोठे करून इटालियन, ३६ मिमी बाय २४ करायचे, फ्रेंच शेल वाचवायचा हा जुना उपाय आहे, नाहीतर आट्यांशिवाय आतून फुगून बसणारा बीबी. क्रँक अजून मिळालेला नाही. डाव्या क्रँकच्या आतल्या बाजूला, पेडलच्या भोकाजवळ एक आडवा ओरखडा आहे, विकायला आलेल्या स्ट्राँगलाइट ९३ वर तसा दिसला तर कृपया कळवा, माझ्याकडे जुने फोटो आहेत, जुळवून बघता येईल.