मुरुमांच्या खड्ड्यांसाठी कोणता लेझर: सीओटू की एर्बियम ग्लास?

दोन्ही फ्रॅक्शनल लेझर, म्हणजे सलग नव्हे तर बारीक ठिपक्यांत काम करणारे. दोन्ही त्वचेला नवे कोलॅजन (त्वचेला भरीवपणा देणारे प्रथिन) बनवायला लावतात. फरक मार्गाचा आहे. १०,६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर त्वचेचे बारीक स्तंभ अक्षरशः वाफ करून उडवतो. कमी बैठकांत ठळक सुधारणा होते, पण खपल्या आणि लालीत साधारण आठवडा जातो. १,५५० नॅनोमीटरचा एर्बियम ग्लास वरचा थर शाबूत ठेवून आत उष्णता पोहोचवतो. लाली-सूज दोन-तीन दिवसांची, मात्र बैठका तीन ते पाच लागतात आणि फरक सौम्य असतो.

सावळ्या त्वचेसाठी मी आधी एर्बियम ग्लासचाच विचार करायला सांगेन. सीओटूनंतर काळे डाग पडण्याचा धोका जास्त आणि ते महिनोन्महिने छळतात. सुईने टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांपुढे मात्र दोन्ही तोकडे पडतात. तिथे डॉक्टरांना टीसीए क्रॉसबद्दल (खड्ड्यात तीव्र आम्ल लावण्याचा उपचार) जरूर विचारा.