घरघंटी: श्रावणात घेतली, भोगीपर्यंत वापरली

पैसे वाचतील म्हणून घरघंटी घेणार असाल तर घेऊ नका. आमची एक एचपीची, दगड नसलेली, आत पाती फिरून दाणा फोडणारी. 19,000 रुपयांना पडली. आमच्याकडे महिन्याला वीसेक किलो गहू लागतो आणि कोपऱ्यावरच्या गिरणीत दळणाचा दर किलोला 7 रुपये. म्हणजे महिन्याचे 140. एक एचपीची मोटर तासाला साधारण पाऊण युनिट खाते, तेव्हा वीज किरकोळच. पण ती फुकट धरली तरी मशीनचे पैसे वसूल व्हायला अकरा वर्षं लागतील. तोवर वॉरंटी कुठली आणि मशीन कुठलं!

तरीही ती घरात आहे आणि राहणार आहे.

आम्ही घरात सहा जण. आई-बाबा म्हणजे माझे सासू-सासरे, आम्ही दोघं, दहावीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. हडपसरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. माझं माहेर मंगळवेढ्याचं, त्यामुळे घरात मालदांडी ज्वारीचं पोतं कायम. घ्यायची तर गौरी-गणपतीच्या आधी घ्या, नंतर पितृपंधरवडा लागतो, असं आईंनी बजावलं होतं. म्हणून 2025 च्या श्रावणात घेतली.

सगळ्यात आधी ज्वारीबद्दल, कारण ही वस्तू खरी कमाल करते ती तिथेच. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. भाकरी थापताना कडा चिरतात, परातीतून उचलली की हातात दोन तुकडे. गिरणीत दोन किलो ज्वारी घेऊन गेलं की गिरणीवाला तोंड वाकडं करतो, म्हणून आम्ही पाच-सहा किलो दळून आणायचो आणि शेवटचं किलोभर पीठ उकड काढून कसंबसं संपवायचो. आता चार दिवसांपुरती ज्वारी दळते. पीठ किती बारीक निघणार ते मशीनमधल्या जाळीवर ठरतं. सगळ्यात बारीक जाळी लावायची, दाणा हळूहळू सोडायचा. पीठ हाताला कोमट लागतं, पण गिरणीतल्या दगडाखालच्यासारखं चटका देणारं नाही. भाकरी टम्म फुगते. थंडीत बाजरीचंही तेच. बाजरीचं पीठ थोड्या दिवसांत कडवट होतं, म्हणून ते वाटी-दोन वाटी लागेल तसं काढलेलं बरं. भोगीला सकाळी दळून सकाळीच तिळाच्या भाकरी केल्या, तेव्हा आईसुद्धा काही बोलल्या नाहीत. आमच्याकडे याला शाबासकी म्हणतात.

गव्हाची गंमत वेगळी. कंपनी ताशी दहा किलो सांगते. पोळीला चालेल एवढ्या बारीक जाळीवर सहा-सात किलोच्या वर कधी गेलं नाही. पीठ चांगलं असतं, पण बाबांना पहिल्या दिवसापासून पोळी चिवट लागली. माझ्या मते पोळीत काही फरक नव्हता. फरक बाबांच्या संध्याकाळीत पडला होता. दळणाचा डबा पिशवीत घालून ते गिरणीत जायचे, तिथल्या बाकावर अजून तीन-चार जण बसलेले असायचे, दळण होईपर्यंत पेन्शनपासून पाणीकपातीपर्यंत सगळं व्हायचं. मशीन आलं आणि जायला निमित्त उरलं नाही. गणपतीत ते नुसते घरात येरझारा घालत होते.

दुसरा बदल मला जास्त खटकला. गिरणीत जाणं हे आमच्याकडे पुरुषांचं काम होतं. घरघंटी आली आणि दळण गुपचूप बायकांकडे आलं. धान्य निवडा, जाळी बदला, मशीनपाशी उभ्या राहा, नंतर ब्रशने चेंबर झाडा, ओट्याखालचं सांडलेलं पीठ पुसा. 'आता तर घरातच झालं' असं म्हणत ह्यांनी टीव्ही लावला की माझा पारा चढायचा. नवरात्राच्या आधी यावरून एकदा चांगली जुंपली. तेव्हापासून ठरलंय ते असं: गहू बाबांसोबत गिरणीत. ज्वारी-बाजरी, भाजण्या, बेसन घरी, आणि रविवारचं दळण मशीन साफ करण्यासकट ह्यांच्याकडे. बाबा आता 'गव्हाला दगडाचंच पीठ लागतं' असं छातीठोकपणे सांगतात आणि आम्ही सगळे माना डोलावतो.

नवरात्रात उपवासाच्या भाजणीला घरघंटीसारखं सुख नाही. गिरणीत उपवासाचं दळण ठरलेल्या वारी, आणि आधी कुणाचे गहू दळले कुणास ठाऊक. घरी मशीन झाडून घेतलं, मूठभर वरी दळून ते पीठ काढून टाकलं, की मग भाजलेली वरी, साबुदाणा, राजगिरा, जिरं बिनधास्त. थालिपिठाला मधली जाळी लावा, अगदी बारीक केलं तर थालीपीठ चामट होतं.

मुलीच्या भोंडल्याला मात्र या मशीनने घात केला. खिरापत ओळखता येऊ नये म्हणून मी लापशीचा बेत केला होता. दुपारी गव्हाची भरड काढली. जाड जाळीवर गहू पडला की कडकड असा एक ठरलेला आवाज येतो, तो जिन्यात खेळणाऱ्या पोरींनी ऐकला. संध्याकाळी दुसऱ्याच अंदाजाला 'लापशी!' कोजागिरीला शेजारच्या वहिनी बदाम-पिस्ते घेऊन आल्या, मसाला दुधाची पूड करून द्या म्हणून. नाही म्हणताना अवघड वाटलं, पण तेलकट काहीही यात घालू नका. शेंगदाणे नाही, तीळ नाही, सुकं खोबरं तर नाहीच. जाळीची भोकं बुजतात आणि मग सुई घेऊन बसावं लागतं.

दमट धान्याचंही तसंच, आणि त्या वर्षी धान्य दमटच होतं. एरवी ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर चादरी पसरून गहू-डाळी वाळवल्या की सोंडेही निघून जातात आणि दाणा खणखणीत होतो. 2025 मध्ये सप्टेंबरच्या शेवटी मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात पूर आले, माहेरी भाऊ फोनवर सांगायचा की वाफसाच येत नाही, जमीन पेरणीजोगी सुकतच नाही, ज्वारी पेरायची कधी. इकडे पुण्यातही आभाळ हटेना. त्या दिवसांत दळलेलं पीठ चेंबरच्या कडांना लपकन चिकटायचं. शेवटी डाळी कढईत नुसत्या गरम करून, पंख्याखाली गार करून दळल्या. अनारशांचे तांदूळ तर दमट असतानाच दळायचे असतात, म्हणून ते मिक्सरमध्ये फिरवून मैद्याच्या चाळणीने चाळले. ज्यांना वाटतं घरघंटी आली की मिक्सर सुटला, त्यांच्यासाठी सांगितलं.

आता दिवाळी. चकलीची भाजणी आईंच्या मापाने: तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, मूगडाळ अर्धी, मूठभर पोहे, धने, जिरं. भाजलेलं सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय मशीनला दाखवायचंही नाही. आईंना धीर नसतो, त्या कढईतून परातीत आणि परातीतून मशीनकडेच निघतात. मी परात आतल्या खोलीत लपवली. पीठ अप्रतिम निघालं, चकलीला काटा सुरेख आला आणि एकही तुटली नाही. बेसनाचे लाडू तर या मशीनसाठीच जन्माला आलेत असं वाटावं. बाजारचं बेसन फार बारीक, लाडू टाळ्याला चिकटतो. घरी जाड जाळीवर हरभरा डाळ दळली की पीठ रवाळ निघतं. ते तुपात भाजताना दाणा दाणा सुटतो, दुधाचा हबका मारला की फसफसून फुलतो.

हे झालं कौतुक. वसुबारसेच्या आदल्या दिवशी हीच डाळ दळताना आतून ठणठण आवाज आला आणि मोटर बंद. मागचं लाल बटण दाबून पाहिलं, चालू झालं, पण पिठात कण्या यायला लागल्या. जाळी फाटली होती. डाळीतला एखादा खडा गेला असणार. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर, 'मॅडम, दिवाळीनंतर माणूस पाठवतो.' जाळी वॉरंटीत बसत नाही हे त्याच फोनवर कळलं, दुकानात कुणी बोललं नव्हतं. माणूस आला भाऊबीज होऊन आठवडा उलटल्यावर. तोवर उरलेली डाळ घेऊन बाबा विजयी मुद्रेने गिरणीत गेले.

आवाजाबद्दल विचाराल तर मिक्सरपेक्षा कमी कर्कश, पण कितीतरी जास्त वेळ चालणारा. हरभरा डाळीला सगळ्यात वाईट. मुलाची सहामाही नेमकी दिवाळीच्या आधी, त्यामुळे तो क्लासला गेला की दळायचं असं वेळापत्रक झालं. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना जमिनीची थरथर जाणवत होती. चाकांखाली जाड रबरी मॅट घातल्यावर ती थांबली, आणि दुपारी एक ते चार मशीन बंद. पुण्यात राहतो, एवढं पाळावंच लागतं. पीठ उडतं का? दार नीट लागलं असेल तर फार नाही. दार उघडं राहिलं तर मोटर चालूच होत नाही, ही सोय लहान मुलांच्या घरात चांगली. पण पिठाच्या डब्यावरची कापडी पिशवी दर वेळी बाहेर नेऊन झटकावी लागते, आणि आईंना दमा असल्यामुळे ते काम गॅलरीतच. दळलेलं पीठ परातीत पसरून गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर आतून घाम सुटतो आणि आठवड्यात पिठात किडीची जाळी धरते.

ज्या घरात फक्त गहूच लागतो, त्यांनी या भानगडीत पडू नये. भाकरी रोजची असेल, भाजण्या होत असतील, तर जरूर घ्या. पण दिवाळीच्या तोंडावर नको, तेव्हा दुकानदाराला डेमो दाखवायलाही वेळ नसतो. दुकानात स्वतःची पावशेर हरभरा डाळ घेऊन जा आणि समोर दळून मागा. गव्हावर सगळीच मशीनं चांगली चालतात. बारीक आणि जाड अशा दोन जाळ्या जादाच्या त्याच दिवशी बिलात घालून घ्या. आणि दळण्याआधी डाळ ताटात पसरून, चष्मा लावून निवडा.