‘तोमादोर’च्या चौकटीत नाव कुणाचं आहे?

२०२४चा दसरा १२ ऑक्टोबरला आला होता, आणि स्पेनचा राष्ट्रीय सणही त्याच तारखेला असतो. म्हणजे गावात सगळं बंद आणि आमच्या घरात श्रीखंड-पुरी. रात्री साडेअकराला ह्यांना उजव्या बरगडीखाली कळ सुरू झाली. आधी वाटलं, पुऱ्या जास्त झाल्या. ओवा झाला, गरम पाणी झालं. दीड वाजता घाम फुटून उलट्या सुरू झाल्या, तेव्हा मी विम्याची कार्डं पर्समध्ये टाकली आणि ह्यांना घेऊन खासगी दवाखाना गाठला.

काउंटरवरच्या मुलीने ह्यांचं कार्ड मशीनला लावलं. मग माझं लावलं. मग नंबर हाताने टाकून बघितला आणि मला म्हणाली, “एस्ता दे बाखा.” माझं स्पॅनिश तेव्हा भाजीबाजारापुरतं. ‘बाखा’ म्हणजे कमी, खाली, एवढंच माहीत. मला वाटलं ही ह्यांचं बीपी कमी आहे म्हणतेय. मनात म्हटलं, अजून पट्टासुद्धा बांधला नाही, हिला कसं कळलं? शेवटी तिने स्क्रीनच माझ्याकडे वळवली. पॉलिसी ‘बाखा’, म्हणजे बंद. कारण: हप्ता थकलेला.

वर्षाचे सगळे पैसे मी मार्चमध्ये भरले होते.

थोडं मागे जाते. आम्ही तीस वर्षं लंडनला काढली आणि मार्च २०२३मध्ये इथे देनियाला राहायला आलो. व्हॅलेन्सिया आणि आलिकांते यांच्या मधलं समुद्रकाठचं गाव, वर किल्ला, पाठीशी मोंतगो डोंगर, बंदरातून इबिझाची बोट. इंग्रज, डच, जर्मन पेन्शनर भरपूर. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश पासपोर्टवर नुसतं येऊन राहता येत नाही, म्हणून आम्ही ‘नो लुक्रातिवा’ व्हिसा घेतला. इथे काम करायचं नाही, स्वतःच्या पैशावर राहायचं. आमच्या वेळी नवरा-बायकोला मिळून वर्षाला ३६,००० युरोंचं उत्पन्न दाखवावं लागलं, आणि त्याबरोबर खासगी आरोग्य विमा. तोही असातसा नाही. स्पेनमध्ये परवाना असलेल्या कंपनीचा, ‘सिन कोपागो’ आणि ‘सिन कारेन्सिया’. कोपागो म्हणजे दर वेळी डॉक्टरकडे गेलं की आपल्या खिशातून जाणारा हिस्सा. कारेन्सिया म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ऑपरेशन, बाळंतपण वगैरेंसाठी थांबायला लावतात ते महिने. व्हिसाला दोन्ही चालत नाहीत.

ब्रिटनचं सरकारी पेन्शन सुरू झालेल्यांना एस-१ नावाचा कागद मिळतो. तो इथे नोंदवला की स्पेनची सरकारी आरोग्यसेवा मिळते आणि खर्च ब्रिटन देतं. आमच्या शेजारच्या बहुतेक मंडळींचं तसंच आहे. पण ह्यांचं वय तेव्हा ६२ आणि माझं ५९. पेन्शनला अजून अवकाश, म्हणून आम्हाला खासगी विमाच.

पहिल्या वर्षी आम्ही लंडनहून थेट कंपनीकडून पॉलिसी घेतली. ह्यांचा मधुमेह सांगितला, लंडनमध्ये सोनोग्राफीत दिसलेला पित्ताशयातला खडाही सांगितला. हप्ता चढा लागला, पण काम चोख. वर्ष संपताना नूतनीकरणाचं पत्र आलं: दोघांचे ३,४०० युरो. पोटात गोळाच आला.

आणि बरोब्बर त्याच आठवड्यात, सोमवारच्या बाजारानंतर कॉफी पिताना, आमच्या चालायच्या ग्रुपमधल्या एका बाईंनी ‘त्याची’ ओळख करून दिली. नाव लिहीत नाही, प्रकरण कोर्टात आहे. इंग्रज माणूस, इथे वीस वर्षं काढलेला, बायको इथलीच असं तो सांगायचा. गाडीची नंबरप्लेट बदलून देणार, नगरपालिकेतली रहिवासाची नोंद करून देणार, फिंगरप्रिंटच्या अपॉइंटमेंटला बरोबर येणार. बाईंचं विजेच्या बिलाचं भांडण त्याने खरंच सोडवलं होतं. स्पॅनिश फडाफडा बोलायचा आणि आमच्याशी अगदी लंडनच्या बसमध्ये भेटल्यासारखा. परक्या गावात आपल्याला कळेल असं बोलणारा माणूस भेटला की आपण त्याचा कागद वाचत नाही, चेहरा वाचतो. मी तेच केलं. मी, जी लंडनमध्ये कौन्सिलच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म तपासत होते!

त्याने आकडा सांगितला, दोघांचे २,६४०. तीच सोय, कोपागो नाही, कारेन्सिया नाही, रेसिडेन्सीच्या नूतनीकरणाला चालणार. ‘कंपनी मला ग्रुपचा दर देते, म्हणून पैसे माझ्या खात्यात टाका, मी एकरकमी भरतो.’ १,६४० बँकेतून ट्रान्सफर केले. वरचे १,००० रोख मागितले, तेही दिले. पावती मागायला लाज वाटली. समोर कॉफी त्याने पाजलेली होती ना.

आठवड्यात प्लॅस्टिकची कार्डं आली. खरी, कंपनीचीच. कंपनीच्या शिक्क्याचा दाखलाही आला, तो आम्ही आलिकांतेच्या परदेशी नागरिक विभागात दिला आणि रेसिडेन्सी दोन वर्षांनी वाढलीसुद्धा. एप्रिलमध्ये मी खांद्यासाठी पाच वेळा फिजिओथेरपीला गेले. कार्ड लावलं, सही केली, एक पैसा द्यावा लागला नाही. सांगा, शंका घ्यायची कुठे?

खरी हकीकत नंतर वकीलबाईंच्या टेबलावर उलगडली. पॉलिसी खरी होती, पण कंपनीची सगळ्यात स्वस्त, कोपागोवाली. दोघांचे मिळून महिन्याला १३० युरो. ती त्याने कंपनीच्या वेबसाइटवरून घरबसल्या काढली होती, मासिक हप्त्यावर, स्वतःच्या बँक खात्यातून. चार हप्ते भरले, जुलैपासून बंद. स्पेनच्या १९८०च्या विमा करार कायद्यानुसार पुढचा हप्ता चुकला की एका महिन्याने संरक्षण थांबतं. म्हणजे ऑगस्टपासून आमच्या पर्समधली कार्डं नुसती प्लॅस्टिक होती. थकबाकीची पत्रं, मेल, मेसेज सगळे त्याच्याकडे, कारण पत्ता त्याचा, मेल त्याचा, फोन त्याचा. आणि फिजिओचे पैसे? इथे कोपागो बहुधा काउंटरवर घेतच नाहीत, नंतर बँकेतून कापतात. ते त्याच्या खात्यातून कापले जात होते, म्हणून मला पत्ताच नाही. १३० चोक ५२०. उरलेले २,१२० साहेबांचे.

परदेशी नागरिक विभागात दिलेल्या दाखल्यात ‘कोन कोपागो’चं ‘सिन कोपागो’ केलेलं होतं. संगणकावर एका शब्दाचं काम. म्हणजे सरकारी कचेरीत खोटा कागद आम्ही दिला, आमच्या सहीने. हे कळल्यावर मात्र माझे हातपाय गार पडले. पैशाचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं.

आता पॉलिसीचा कागद. पॉलिसीचे अठ्ठावीस पानी नियम कुणी वाचत नाही, मीही नाही. पण पहिल्या दोन पानांवर ‘कोन्दिसियोनेस पार्तिकुलारेस’ असतात, म्हणजे खास तुमच्या पॉलिसीच्या अटी. त्यात वर दोन चौकटी. एकीत ‘तोमादोर’, दुसरीत ‘आसेगुरादोस’. दुसरीत आमची दोघांची नावं, स्पेलिंगसकट बरोबर. पहिलीत त्याचं नाव. मी ते मार्चमध्येच पाहिलं होतं! मला वाटलं, ती एजंटची चौकट. तोमादोर म्हणजे पॉलिसी घेणारा, कराराचा मालक. कंपनीशी नातं त्याचं. आम्ही नुसते विमा उतरवलेले जीव. कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र लिहिलं, तर त्यांनी सभ्यपणे तेच कळवलं: कंपनीचा करार तोमादोरशी, नोटिसा त्याला गेल्या आहेत. राग आला, पण खरं सांगायचं तर कंपनीचा दोष मला दिसत नाही. तो त्यांचा एजंटही नव्हता. स्पेनमध्ये विमा विकणाऱ्याची सरकारदरबारी नोंद लागते, आणि विमा संचालनालयाच्या वेबसाइटवर ती यादी कुणालाही फुकट बघता येते. मी नाव टाकून बघितलं. दोन मिनिटं लागली. नाव नव्हतं. हीच दोन मिनिटं मार्चमध्ये नव्हती मला.

त्याच पानांमागे आरोग्याची प्रश्नावली होती. मधुमेह? नाही. पूर्वी निदान झालेला आजार? नाही. सतरा प्रश्न, सतरा वेळा ‘नो’. आम्ही त्याला कॉफी पिता पिता सगळं सांगितलं होतं, खडासुद्धा. तो मान हलवत वहीत लिहीत होता. म्हणजे हप्ते वेळेवर भरले असते, तरी पित्ताशयाच्या ऑपरेशनला कंपनी जुना आजार लपवला म्हणून नाही म्हणू शकली असती. हे माझ्या मते सगळ्यात वाईट, कारण हप्त्याची चौकशी फोनवर करता येते, ह्या ‘नो’चा सुगावा माणूस आजारी पडेपर्यंत लागत नाही.

त्या रात्री पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. खासगीत अनामत मागितली, ती रक्कम माझ्या कार्डाच्या मर्यादेबाहेर होती. तिथल्याच वॉर्डबॉयने सांगितलं, सरकारीत जा, ते परत पाठवणार नाहीत. गेलो. गावाबाहेरचं हे हॉस्पिटल फेब्रुवारी २०२४पर्यंत सरकारने एका खासगी कंपनीला चालवायला दिलेलं होतं, मग परत सरकारकडे आलं, आणि त्यावर गावात अजून वाद रंगतात. मला त्यात पडायचं नाही. पहाटे साडेतीनला एका तरुण डॉक्टरणीने ह्यांचं पोट दाबलं, ह्यांनी श्वास अर्ध्यावर रोखला, आणि ती म्हणाली, पित्ताशय. सुजलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून काढलं. पाच दिवसांनी नर्स हसत आली, “आल्ता!” इथे हॉस्पिटलमधून सुट्टीलाही आल्ता आणि विम्यात नाव चढवण्यालाही आल्ता. मला वाटलं पॉलिसी सुरू झाली. ह्यांना टाके दुखेपर्यंत हसू आलं.

सहा आठवड्यांनी बिल आलं, ५,९७० युरोंचं. बारा हप्ते करून मिळाले.

पोलिसांत आम्ही घरी आल्यावर पाचव्या दिवशी गेलो. फसवणूक ४०० युरोंच्या वर असेल तर इथे ती किरकोळ गुन्ह्यात धरत नाहीत, आमची वर होती. दुभाषी मिळाला. ट्रान्सफरचा कागद होता, पण त्यात ‘कशासाठी’ हा रकाना मी कोरा सोडलेला, आणि रोख हजाराचा तर पुरावाच नाही. कामी आले व्हॉट्सअॅपचे मेसेज. एकात त्याने लिहिलं होतं, ‘तुमचं वर्ष पूर्ण भरलंय, निवांत राहा’. म्हणून एक सांगते, अशा माणसाशी झालेलं बोलणं पुसू नका, रागाच्या भरात ब्लॉकही करू नका. वकीलबाईंनी पोलीस तक्रारीची प्रत आणि खऱ्या पॉलिसीची माहिती आम्हालाच आपण होऊन परदेशी नागरिक विभागात द्यायला लावली, त्यांनी विचारायच्या आत. अजून तिकडून काही पत्र नाही.

मधुमेह आणि हे ऑपरेशन सांगितल्यावर नवी खासगी पॉलिसी मिळणं अवघडच होतं. पण एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितलीच नव्हती, त्याने तर नाहीच नाही, कारण त्यात त्याला काही मिळत नाही. स्पेनमध्ये एक वर्ष रीतसर राहून झालं की ‘कोन्वेनियो एस्पेसियाल’साठी अर्ज करता येतो. २०१३ची योजना आहे. महिन्याला माणशी ६० युरो, ६५ वर्षांपासून पुढे १५७, आणि सरकारी आरोग्यसेवा खुली. जुना आजार विचारत नाहीत. औषधं मात्र पूर्ण किमतीला घ्यावी लागतात. आम्ही मार्च २०२४मध्येच त्याला पात्र होतो! दोघांचे १२० युरो. त्याने काढलेल्या फसव्या पॉलिसीपेक्षाही दहा युरो कमी. रेसिडेन्सीच्या कागदपत्रांत ही योजना चालेल का, हे मात्र आपल्या कचेरीत आधी विचारून घ्या.

आता ज्यांनी कुणामार्फत पॉलिसी घेतली आहे त्यांनी कार्डावरचा नव्हे, कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून स्वतः फोन लावा. स्पॅनिश येत नसलं तरी पॉलिसी नंबर सांगून एवढं एक वाक्य बोला: “एस्ता अल कोरियेन्ते दे पागो?” हप्ते चुकते आहेत का? ‘सी’ किंवा ‘नो’ कळायला व्याकरण लागत नाही. मग तोमादोर कोण ते विचारा, आणि भरलेल्या प्रश्नावलीची प्रत मागा.

ज्या बाईंनी ओळख करून दिली, त्यांच्यावर मी महिनाभर डूख धरून होते. मग एक दिवस त्या स्वतःच फाइल घेऊन आल्या. त्यांचा भाऊ हल्लीच इथे राहायला आलाय, त्याची पॉलिसी. आम्ही स्वयंपाकघरात बसून पहिलं पान उघडलं. वरच्या चौकटीत तेच नाव. फोन मी लावला. पलीकडची बाई म्हणाली, दोन हप्ते थकलेत, आज भरले तर पुन्हा सुरू होईल. भरले. पॉलिसी भावाच्या नावावर करून घ्यायला आणखी तीन आठवडे गेले, प्रश्नावली नव्याने भरली, हप्ता ४० युरोंनी वाढला.

तो माणूस गाव सोडून गेलाय. मागच्या महिन्यात अनोळखी नंबरवरून मेसेज आला, तक्रार मागे घ्या, ३०० देतो. मी तो तसाच वकीलबाईंना पाठवला. बिलाचे अजून सात हप्ते बाकी आहेत.